आडीची सूट, 80-डीची सूट

जुलैच्या मध्यावर तमिळ आडी महिना लागतो आणि चेन्नईच्या टी. नगरात, रंगनाथन स्ट्रीटवर मुंगीलाही वाट मिळत नाही. आडीत लग्नकार्यं नसतात, म्हणून दुकानदार ‘आडी तळ्ळुपडी’ लावतात. आपल्या भाषेत महासेल. साडीवरची सूट सगळ्यांना सारखी. गिऱ्हाईक पनगल पार्कपाशी मोटारीतून उतरलं की मांबलम स्टेशनातून पायी आलं, हे कोणी विचारत नाही.

याच दिवसांत, एरवी 31 जुलैला, आयकर विवरणपत्राची मुदत संपते. तिथे मात्र विचारतात.

1961च्या आयकर कायद्यातलं कलम 80-डी सांगतं, की स्वतःच्या कुटुंबाच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यापोटी 25,000 रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजा करा. मर्यादा राव-रंक सगळ्यांना एकच. समता म्हणतात ती हीच! आता पूर्ण 25,000 भरणाऱ्यांचा हिशेब मांडू. करपात्र उत्पन्न 7 लाख असलेल्या कारकुनाचे उपकरासह 5,200 रुपये वाचतात. 15 लाखवाल्या मॅनेजरचे 7,800. उस्मान रोडवरच्या एखाद्या जवाहिऱ्याचं उत्पन्न 5 कोटींच्या बरंच वर असेल, तर अधिभाराच्या कृपेने त्याचे 10,686. आणि 5 लाखांच्या आतल्याचे? शून्य. जो कर भरतच नाही, त्याला सूट कशातून देणार?

हे सगळं जुनी करप्रणाली मुद्दाम निवडणाऱ्यांसाठी. 2023-24पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत ही वजावटच नाही.

ऑस्ट्रेलियाला हे शहाणपण सुचलेलं नाही. तिथे जुलै 2012पासून उत्पन्न चढेल तशी विम्यावरची सरकारी सूट उतरते आणि शेवटच्या पायरीवर संपते. वर, रुग्णालयाचा खासगी विमा न घेणाऱ्या श्रीमंतांकडून जादा कर वसूल करतात.

आडी सेलसारखी एकच सूट आपल्याकडे झाली. विम्यावरचा 18 टक्के जीएसटी काढा, असं पत्र नागपूरच्या नितीन गडकरींनी 2024 साली आपल्याच सरकारच्या अर्थमंत्र्यांना लिहिलं होतं. 22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा तो कर गेला.

राहिली साडीच्या दुकानातली विक्रेती. तिला दिवसभर उभं राहावं लागे. तमिळनाडूने 2021 साली कायदा करून तिला बसायला स्टूल मिळवून दिलं. समजा, तिला महिना 14 हजार मिळतात आणि घरात कमावती ती एकटीच. म्हणजे वर्षाचे 1,68,000. मुख्यमंत्र्यांच्या विमा योजनेत 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत, पण कौटुंबिक उत्पन्नाची अट 1,20,000. तिथे ती श्रीमंत ठरते. 80-डीच्या दारात गरीब. खासगी विमा घेतलाच, तर हप्ता पूर्ण तिच्याच पर्समधून.

तिचा विचार झालाच नाही असं मात्र नाही. 29 ऑक्टोबर 2024ला केंद्राने 70 वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान योजनेत घेतलं. ती आज पंचविशीची असेल, तर मधली 45 वर्षं तेवढी तिने आजारी पडायचं नाही.