एक तारखेचे आजार

महाराष्ट्र शासनाने वैद्यकशास्त्रात लावलेला एक शोध अजून जगासमोर आलेला नाही. नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्याचं हृदय राज्याचं असतं. ते बिघडलं, तर 1961 च्या वैद्यकीय देखभाल नियमांप्रमाणे बिलं लावा, सह्या घ्या, खर्च परत मिळतो. मग नियत वयोमानाचा महिना उजाडतो. शेवटच्या दिवशी मध्यान्हानंतर शाल, श्रीफळ आणि ‘पुढील आयुष्य आरोग्यदायी जावो’ असं साहेबांचं भाषण. एक तारखेपासून तेच हृदय खासगी मालमत्ता. अठ्ठावन्न पूर्ण झालेला माणूस आजारी पडत नाही, असा हा शोध.

शासन अगदीच निर्दय आहे, असं मात्र म्हणू नये. 2014 साली त्याने निवृत्तांसाठी ‘विमाछत्र’ नावाची समूह आरोग्य विमा योजना आणली. न्यू इंडिया अश्युरन्स ही सरकारी कंपनी, वर देखरेखीला राज्याचं विमा संचालनालय. छत्र शासनाचं, पण विकत आपण घ्यायचं. हप्ता निवृत्ताने स्वतःच्या खिशातून भरायचा. शासनाचा वाटा म्हणजे शासन निर्णय!

हे संचालनालय मुंबईत, वांद्र्याला म्हाडाच्या इमारतीत. आणि निवृत्ताचं गाव, समजा वडनेर, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यात, नागपूर–हैदराबाद महामार्गावर. मध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा पडलेला. वडनेरचा निवृत्त तलाठी ज्या खुर्चीत बसून लोकांना ‘कागद अपुरे आहेत, उद्या या’ म्हणाला, त्या खुर्चीचा खरा अर्थ त्याला विमा अर्ज भरताना कळतो. ‘आता बिमार पडाले बी जीआर पाहा लागते का बाप्पा?’ असं त्याने विचारलं, तर उत्तर ‘हो’ आहे. जीआर, पॉलिसीची मुदत, रुग्णालयांची यादी, कार्ड, आणि पावतीची झेरॉक्स. छातीत कळ आली, तर हे सगळं एका पिशवीत घालून मगच घाम पुसावा.

पण खरी गोम कागदांत नाही, समूहात आहे. विमा चालतो तो आजारी न पडलेल्यांच्या पैशावर. इथे समूह कुणाचा? सगळे साठीच्या आगेमागे, आणि सहभाग ऐच्छिक. ज्याची तब्येत ठणठणीत तो म्हणतो, कशाला उगाच पैसे घालवा. ज्याला डॉक्टरांनी बायपास सांगितलीय तो म्हणतो, फॉर्म कुठे मिळतो? अशा समूहाचा हिशोब मांडणारी कंपनी हप्ता चढा लावणार. हप्ता चढला की आणखी काही ठणठणीत बाहेर. शेवटी उरतात आजारी माणसं आणि त्यांची वर्गणी. याला विमा म्हणण्यापेक्षा भिशी म्हणावं, तीही अशी की पहिल्याच महिन्यात सगळ्यांना उचल हवी.

हे कळायला परदेशी सल्लागार नको होता. याच जिल्ह्यात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या गावांत ज्वारीचा आरोग्य विमा सुरू केला. डॉ. उल्हास जाजू यांनी तो पुढे नेला. सुगीला ज्याची जशी ऐपत तशी त्याने ज्वारी द्यायची. जास्त शेतीवाल्याची जास्त, मजुराची कमी. इलाज मात्र गरजेप्रमाणे. आणि अट अशी की गावातली बहुतेक घरं आली तरच गाव घेणार. धडधाकट माणसाला बाजूला राहू द्यायचं नाही, हे तिथे ग्रामसभेला समजलं. मंत्रालयात अजून नस्ती फिरत असावी.

कुणी म्हणेल, रडता कशाला, 1 जुलै 2024 पासून महात्मा फुले योजनेचं 5 लाखांपर्यंतचं कवच राज्यातल्या सगळ्यांना खुलं झालं, आणि सत्तरी गाठली की त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेलं वय वंदना कार्डही आहे. आहे, आणि चांगलंच आहे. पण या योजना रुग्णालयात भरती झालेल्याच्या, तेही ठरलेल्या उपचारांच्या. निवृत्ताचं दुखणं भरती होण्याइतकं मानाचं नसतं. ते महिनावारी असतं. बीपीची गोळी, शुगरची तपासणी, गुडघ्याचं मलम, हिंगणघाटपर्यंतचं भाडं. केंद्राच्या निवृत्ताकडे सीजीएचएसचं, म्हणजे केंद्राच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असतं, दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की जन्मभराचं. आणि तो त्या योजनेच्या दवाखान्यापासून लांबच्या गावी राहत असेल तर बाह्यरुग्ण खर्चासाठी महिन्याला 1000 रुपये. राज्याच्या निवृत्ताला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा मान मिळतो. तू जिवंत आहेस का, हे शासन आवर्जून विचारतं. कसा आहेस, हे विचारत नाही.

केरळने 1 जुलै 2022 पासून ‘मेडिसेप’ ही आरोग्य विमा योजना सुरू केली. नोकरीतले आणि निवृत्त एकाच योजनेत, सुरुवातीला महिन्याला 500 रुपये कापून वर्षाला 3 लाखांचं मूळ कवच. तिथे सगळं गोड आहे असंही नाही; रुग्णालयं रुसली, तक्रारी झाल्या. पण तिशीतला कारकून आणि सत्तरीतला निवृत्त हवालदार एका हिशोबात आले, की हप्ता पेन्शनीला परवडतो, एवढं त्यांना उमगलं.

आपल्याकडे तरुण कर्मचाऱ्याला हे सांगायला गेलं की तो म्हणतो, काका, मला अजून वेळ आहे. साहेब, सेवापुस्तकात जन्मतारीख पाहा. शाल कोणत्या महिन्यात अंगावर पडणार, हे शासनाने रुजू झालात त्याच दिवशी लिहून ठेवलंय.

तेव्हा संघटनांना एक विनंती. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप केलात, राज्य आठवडाभर खोळंबलं. पुढच्या मागणीपत्रात पेन्शनच्या खाली आणखी तीन ओळी घाला: नोकरीतले आणि निवृत्त यांचा समूह एक, हप्त्यात शासनाचा वाटा, आणि प्रत्येक जिल्हा कोषागारात या विम्याचा एक माणूस. वडनेरहून वर्ध्याला एसटी जाते. वांद्र्याला जात नाही.