आधी पगार तर काढा!

येलदरी धरणाचे दरवाजे उघडायचे झाले की पूर्णाकाठच्या गावांना आधी इशारा जातो: गुरंढोरं आवरा, मोटारी वर घ्या. आमची पोरं मात्र नोकरीतून न सांगताच सुटतात. बहिणीच्या लग्नाला म्हणून चाकण-वाळूजहून गडी गावी येतो. लग्न उरकतं, मृग निघतो, सोयाबीनची पेरणी अंगावर येते आणि परतीची गाडी राहूनच जाते. ठेकेदाराचे फोन हा उचलत नाही. खिसा रिकामा झाल्यावर मात्र आठवतं, अरे, आपले बावीस दिवस भरलेत तिथं! मग फोन लावायची पाळी ह्याची आणि न उचलायची ठेकेदाराची. लागलाच, तर उत्तर तयार: "न सांगता गेलास ना? मग कशाचा पगार?"

न सांगता जाणं चूकच. ऐन पाळीत लाइनवरचा माणूस गायब झाला की सुपरवायझरची काय त्रेधा उडते, ते त्यालाच ठाऊक. पण चुकीची किंमत किती, हे ठरवायचं कुणी? करारात नोटिशीची अट असेल तर मालकाने तिचा हिशोब मांडावा. राबलेले बावीस दिवस त्यामुळे फुकटचे होत नाहीत.

१९३६ च्या वेतन कायद्यात यावर एक मजेदार कलम होतं. दहा किंवा अधिक कामगारांनी संगनमत करून, नोटीस न देता, सबळ कारण नसताना दांडी मारली, तर गैरहजेरीच्या कपातीत नोटिशीपोटीची रक्कमही धरता येई. तीसुद्धा करारात तशी अट असेल तरच, आणि फार तर आठ दिवसांच्या पगाराएवढी. २०१९ च्या वेतन संहितेनेही ते ठेवलंय. म्हणजे दहाजणांच्या कटाला आठ दिवस, आणि एकट्या येलदरीकराला पुरे बावीस!

हीच संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ती म्हणते, कामगाराला काढलं किंवा त्याने राजीनामा दिला, तर त्याची मजुरी कामाच्या दोन दिवसांत द्या. ठेकेदाराच्या पंचांगात मात्र हे दोन दिवस उगवतच नाहीत. कारण हिशोब सायबाकडं, सायब रजेवर, आणि रजेवरून आले की मार्च एंड. पाच वर्षं भरलेल्याची ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यायची असते. ती बुडवायला कायद्याने जी मोजकी कारणं दिलीत, त्यात 'न सांगता गेला' हे कारण नाही. पीएफला नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कामगार स्वतः ऑनलाइन टाकू शकतो. पण हे सांगणार कोण? जॉइनिंगला पन्नास कागदांवर सह्या घेणारे निघताना साधी पगाराची स्लिप देत नाहीत.

आता हाच हिशोब उलटा करून बघा. पाडव्याला साल ठरवून उचल घेतलेला सालगडी मध्येच साल मोडून गेला, किंवा ऊसतोडीचा कोयता फडातून रातोरात निघाला, तर वसुलीला किती दिवस लागतात? दुसऱ्या दिवशी मुकादमाची गाडी दारात उभी. तिथं सायब रजेवर नसतो आणि खाड्यांचा हिशोब तोंडपाठ असतो. उचलीपायी माणसाला राबवत ठेवायला १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बंदी आहे, हे कलम मात्र कुणाला पाठ नसतं. घेणं असलं की गाडी, देणं असलं की तारीख!

तेव्हा येलदरीच्या पोरांनो, गावी यायचं तर या, पण निघताना दोन ओळी लिहून द्या. कागद नसेल तर व्हॉट्सअ‍ॅप करा आणि तो मेसेज जपून ठेवा. हजेरीचा, पगार जमा झाल्याचा पुरावाही डिलीट करू नका. तरीही टोलवाटोलवी झाली तर जिथं काम केलं तिथलं कामगार कार्यालय गाठा. नव्या संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पूर्वी एकच होतं.

आणि ठेकेदार साहेब, नोटिशीचे पैसे कायद्यात बसत असतील तर खुशाल कापा. फक्त कापायला आधी पगार तर काढा!