मामांची ट्यूब

हिंगोलीच्या गांधी चौकात सकाळी चहाला जी पाच-सात माणसं जमतात, त्यांतल्या एकाच्या खिशातून ट्यूबचं पांढरं झाकण डोकावत असतं. तेच मामा. सख्खे कुणाचेच नाहीत, म्हणून सगळ्यांचे.

"खाज ती खाज. तिला काय जात असते?" हा मामांचा सिद्धांत. त्यामुळे इसब, नायटा, डास चावलेला, सुनेच्या गालावरचा वांग, सगळ्यांना एकच ट्यूब. वसमतच्या हळदीच्या जिल्ह्यात राहून त्यांनी घरची हळद केव्हाच बाद केली.

ट्यूब मुळात खरी औषधाची. घोट्याला इसब झाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली : रात्री एकदा, पंधरा दिवस. पंधरा दिवस बाईंचे झाले, पुढची तीन वर्षं मामांची. असली 14 स्टिरॉइड मलमं सरकारने 2018 साली चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. पण मामांची चिठ्ठी एकच, आणि ती अजून चालते.

मीही त्यांच्या तावडीत सापडलो. कमरेला रुपयाएवढा नायटा होता. "लावा हो मास्तर, कायी होत नाही!" चार दिवस खाज गायब, मी मामांना चहा पाजला. महिन्याभरात रुपयाची भाकरी झाली. स्टिरॉइड खाज नि लाली दाबतं, बुरशीला मात्र रान मोकळं. इसबाचं औषध नायट्याला वैरी, हे मला बाईंनी सांगितलं. मामांनाही घेऊन या म्हणाल्या.

मामांच्या घोट्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, आतल्या शिरा दिसत होत्या. "किती लावता?" मामांनी पोळीला तूप लावल्यासारखा हात फिरवून दाखवला. बाईंची नजर त्यांच्या खिशातल्या चुन्याच्या डबीवर गेली.

"चुना किती घेता?"

मामांनी नखाच्या टोकावर कणभर चुना काढला. जास्त झाला तर तोंड भाजतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"मग मलमालाही माप आहे. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल तेवढी रेघ, म्हणजे अर्धा ग्रॅम. तेवढ्यात दोन पंजांएवढी जागा होते. तुमच्या घोट्याला अर्धी रेघसुद्धा पुष्कळ. तोंडाला, जांघेला मी सांगितल्याशिवाय नाही. रोज आंघोळीनंतर साधं ओलावा धरणारं मलम, ते कितीही. आणि ही ट्यूब एकदम सोडायची नाही, मी सांगेन तशी कमी करायची."

मामा गप्प. परतीच्या वाटेवर कयाधूच्या पुलापर्यंत एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी टपरीवर खिसा रिकामा! कुणीतरी कोपर पुढे केलं. "कुणाची ट्यूब कुणी लावू नाही," मामा गंभीरपणे म्हणाले, आणि पिशवीतून बाईंच्या नव्या चिठ्ठीच्या पंचवीस झेरॉक्स काढून वाटू लागले.