टुलीवाला

शिकागोच्या नैर्ऋत्येला जुन्या कोळसाखाणींचे ढिगारे आहेत. मॅझन क्रीक हे तिथल्या जीवाश्मांचं जगप्रसिद्ध नाव. सुट्टीच्या दिवशी तिथे पाठीतून वाकलेली, जमिनीकडे बघत चालणारी माणसं दिसतात. त्यातली बहुतेक साधी दगडवेडी, काही मात्र 'टुली मॉन्स्टर' नावाच्या जीवाश्मामागे लागलेले टुलीवाले. टुलीवाला कोण, हे ओळखायचं असेल तर "काही सापडलं का?" एवढंच विचारावं. इतर लोक हो किंवा नाही म्हणतात. टुलीवाला विचारतो, "वेळ आहे ना तुम्हाला?" आणि उत्तरासाठी थांबत नाही.

टुलीवाला बहुधा निवृत्त असतो. गुडघे कुरकुरतात, पण बादलीभर दगड उचलताना त्यांचा आवाज त्याला ऐकू येत नाही. सरकारी परवाना खिशात असतो आणि कोणी न मागताच तो दाखवला जातो. घरच्या फ्रीझरचा अर्धा भाग त्याच्या ताब्यात. जीवाश्म असतात ते लोहखनिजाच्या गोट्यांत. हे गोटे पाण्यात भिजवायचे, गोठवायचे, वितळवायचे, पुन्हा गोठवायचे. मग कधीतरी गोटा आपणहून उकलतो. हातोडा मारून गोटा फोडणाऱ्यांशी टुलीवाल्याचे संबंध तुटलेले असतात. घरातल्या मंडळींशी अजून आहेत, पण आइस्क्रीमच्या डब्यात तिसऱ्यांदा दगड निघाला तेव्हा तेही ताणले गेले होते.

उकललेल्या गोट्यात बहुतेक वेळा काहीच नसतं. नाहीतर असतो 'ब्लॉब', म्हणजे एक बेढब डाग. याला वर्षानुवर्षं जेलीफिश म्हणत. २०२३ मध्ये संशोधकांनी सांगितलं की तो समुद्रफूल आहे आणि आपण त्याला आजवर उलटा धरून बघत होतो. टुलीवाला हे फार खुशीत सांगतो. तज्ज्ञांचं चुकलं की त्याला दोन घास जास्त जातात.

खरा जीव मात्र टुली मॉन्स्टरवर. फ्रान्सिस टुली नावाच्या पाइपफिटरला तो इथे सापडला, त्याने तो फील्ड म्युझियमला नेऊन दाखवला, आणि १९६६ मध्ये तिथल्या युजीन रिचर्डसन यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. "पाइपफिटर!" हे टुलीवाला दोनदा म्हणतो. प्राणी सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा, वीतभर लांब. पुढे सोंड, सोंडेच्या टोकाला दातेरी चिमटा, अंगावर आडवी दांडी आणि दांडीच्या दोन टोकांना डोळे. इलिनॉयबाहेर तो कुठेही सापडलेला नाही. १९८९ पासून तो राज्याचा अधिकृत जीवाश्म आहे. कोणाचा कोण, हे मात्र ठरलेलं नाही.

"२०१६!" टुलीवाला बोट वर करतो. त्या वर्षी एका गटाने सांगितलं, हा पृष्ठवंशी. लॅम्प्री नावाच्या, जबडा नसलेल्या, वामीसारख्या लांबट माशाचा भाऊबंद. दुसऱ्या गटाने थेट डोळ्यात पाहिलं. डोळ्यातल्या रंगद्रव्याचे सूक्ष्म कण, मेलॅनोसोम, दगडात टिकून होते आणि ते दोन आकारांचे निघाले: काही लांबट, काही गोल. "सॉसेज आणि मीटबॉल," टुलीवाला सांगतो. असे दोन आकार डोळ्यात थर करून असतात ते पृष्ठवंशी प्राण्यांच्या, असा त्यांचा युक्तिवाद. त्या वर्षी टुलीवाल्याने शेजाऱ्यांना बोलावून जेवण घातलं. मेनू काय होता, हे सांगायला नकोच.

पुढच्याच वर्षी आक्षेप आले. २०१९ मध्ये आयर्लंडच्या कॉर्कमधल्या संशोधकांच्या गटाने स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉन नावाच्या यंत्राच्या क्ष-किरणांखाली त्या रंगद्रव्यातले धातू तपासले. पृष्ठवंशी प्राण्यांच्या डोळ्यात तांब्याच्या मानाने जस्त जास्त असतं. टुलीच्या डोळ्यातलं प्रमाण निघालं माखली वगैरे बिनकण्याच्या मंडळींच्या जवळचं. म्हणजे पाठीचा कणा गेला. पण तांब्याची जात पाहिली, तर ती त्यांच्याशीही जुळेना! इथे टुलीवाला थांबतो आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. तुम्ही "अरे वा" म्हणायचं असतं.

२०२० मध्ये प्रथिनांचे अवशेष तपासणाऱ्यांनी कणा परत दिला. २०२३ मध्ये टोकियोच्या मंडळींनी दीडशेहून जास्त नमुने लेझरने त्रिमितीत मोजून तो पुन्हा काढून घेतला. दर वेळी टुलीवाला मत बदलतो, आणि दर वेळी "मी हेच म्हणत होतो" असं म्हणतो. हे खोटं नाही. त्याने सगळंच म्हणून ठेवलेलं असतं.

त्याच्याकडे स्वतःचा एक टुली आहे. कापसात गुंडाळलेला, डबीत. तुम्ही पुढे वाकून डोळे कुठे आहेत म्हणून शोधू लागता.

"ते नाहीत," तो म्हणतो. "माझ्याकडे शेपटीकडचा अर्धा आहे. पण शेपटीबद्दल अजून कोणी नीट बोललेलंच नाही. बसा, सांगतो."