नागीण आणि न्यू वेव्ह

इंडी रॉक कळायला माणूस वांद्र्याचा नाहीतर कोथरूडचा असावा लागतो, असं आमच्या भाच्याचं मत आहे. तो पुण्यात आयटीत आहे, शिवाय दिवाळीचे फटाके तोच आणतो, म्हणून त्याची मतं आम्ही निमूट ऐकून घेतो. यंदा तो आमच्या गावी, शेलूबाजारला आला तो मुंबईच्या स्काय रॅबिट या बँडचा अल्बम मोबाइलमध्ये घेऊन. अल्बम बँडच्याच नावाचा आणि २०१२ सालचा, पण आमच्याकडे नवाकोरा. विदर्भात सिंचनापासून रस्त्यांपर्यंत सगळ्याचा अनुशेष असताना तो संगीतातच नसावा, अशी अपेक्षा करणं चूक आहे.

"मामा, यात न्यू वेव्हचा प्रभाव आहे," असं सांगून त्याने मला इतिहास शिकवला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क-लंडनचे पंकवाले गिटारी बडवून दमले, तेव्हा ब्लाँडी, टॉकिंग हेड्स वगैरे मंडळींनी राग तेवढा कमी करून नाच वाढवला. चाल अशी की एकदा कानात शिरली की भाडं न देता राहावी. वर सिंथेसायझरची एकच सुरावट, पुन्हा पुन्हा. १९८१ साली अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि हे सगळं केशभूषेसकट घराघरांत पोचलं. त्या वर्षी आमच्या घरात टीव्हीच नव्हता, त्यामुळे केशभूषेपासून आम्ही बचावलो.

"शब्द काय हायेत?" मी विचारलं.

"शब्द महत्त्वाचे नसतात मामा. टेक्स्चर ऐका."

टेक्स्चर ऐकायला आम्ही फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर गेलो. भाच्याने स्पीकर बाकड्यावर ठेवला. गिटार सुरू झाली, ठेका आला, सिंथेसायझर आला आणि तिथेच रमला. दोन मिनिटं टपरीवाल्याने सहन केलं.

"काहून बे, सुई अटकली काय?"

भाच्याने त्याला पुनरावृत्तीचं सौंदर्य समजावलं. त्याने चहात साखर वाढवली. पुढच्या गाण्याचं नाव 'अँटी कोक गणपती' आहे म्हटल्यावर मात्र टपरीभर चैतन्य पसरलं. "गणपतीचं हाय? मंग विसर्जनाले चालते ना बाप्पा!" कोकचं काय, असं मी विचारलं. "ते गणपती आन् कोक पाहून घेतीन. तू आवाज वाढव."

तेवढ्यात वरातीत कॅसिओ वाजवणारा आमच्या ओळखीचा एक कलावंत तिथे टेकला. त्याने कान दिला, टेबलावर बोटं नाचवली आणि निकाल सांगितला, "दोन बोटाइचं काम हाय. पन मधात नागीन टाकाले जागा हाय का?"

भाचा हतबुद्ध झाला. मला मात्र हा प्रश्न या अल्बमवरच्या कुठल्याही समीक्षेहून मोलाचा वाटला. कारण वरातीत नागीन म्हणून वाजते ती 'नागिन' सिनेमातली बीन मुळात बीन नव्हेच. १९५४ साली हेमंतकुमारांच्या संगीतात ती वाजली क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या कीबोर्डवर, आणि वाजवणारे होते कल्याणजी. म्हणजे ब्लाँडीच्या आधी वीसेक वर्षं आपण विजेच्या सुरावटीवर, तोंडात रुमाल धरून, रस्त्यात लोळत होतो. पुढे जपान्यांनी कॅसिओ काढला, १९८५ साली रोलंडने ऑक्टोपॅड काढला. या पेट्यांनी तिकडे पॉप सजवलं, इकडे त्या थेट वरातीत शिरल्या. नागपूरकडे तर धुमाल नावाचे बँडवाले आख्ख्या ट्रकवर हाच मामला चढवून दुर्गा विसर्जनाला निघतात. सतत तोच ठेका, वर चिकट सुरावट, शब्द ऐकू येत नाहीत आणि कोणाला फिकीरही नाही. न्यू वेव्हची याहून चोख व्याख्या मला भाच्याकडूनही मिळालेली नाही. फरक एवढाच की धुमालवाल्यांना कोणी इंडी, म्हणजे स्वतंत्र, म्हणत नाही. खरं तर कंपनी नाही, मॅनेजर नाही, आगाऊ रक्कम नवरदेवाच्या काकाकडून. यांच्याइतकं स्वतंत्र कोण आहे?

पण मान पुण्याला. २०१० साली तिथे इंडी मंडळींचा मोठा महोत्सव सुरू झाला, नाव एनएच७ वीकेंडर. आता हा जुना सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग जातो आमच्या नागपुरातून आणि गाणी तेव्हा वाजली कोरेगाव पार्कात! विदर्भाला न्याय्य वाटा देऊ म्हणणाऱ्या नागपूर कराराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

अल्बमबद्दल माझं मत विचाराल तर तो झकास आहे. पाय हलतो, मान हलते, इंग्रजी अडवत नाही. घरात हेडफोन लावून ऐकण्यात मात्र त्याची निम्मी गंमत वाया जाते. म्हणून तमाम इंडी बँडवाल्यांना विनंती: समृद्धी महामार्गावर शेलूबाजारला उतरायला इंटरचेंज आहे. लग्नसराईत या. जनरेटर इथे मिळेल, जेवण वरातीसोबत. गाणी तुमचीच वाजवा, फक्त मध्ये नागिणीला जागा ठेवा.