खेळ येण्याआधीचे रुसवे

लग्न ठरण्याआधीच व्याह्यांवर रुसून बसणारी माणसं आपल्याकडे नवीन नाहीत. पण जी वस्तू अजून धड जन्मालाही आलेली नाही, तिच्यावर मनापासून आणि मुद्देसूद रुसण्याची कला कोणी साधली असेल, तर ती व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांनी. खेळ बाजारात यायला कितीतरी महिने असतात. त्यातल्या डोंगरांना एकच बाजू असते, सावल्या आपापल्या झाडांना सोडून भलतीकडे पडलेल्या असतात, आणि धावणाऱ्या शिपायाचे पाय जमिनीपासून बोटभर वर तरंगत असतात. आपण या जगातले आहोत याची त्याची त्यालाच अजून खात्री पटलेली नसते. अशा अर्ध्याकच्च्या जगाचं दार काही निवडक खेळाडूंसाठी किलकिलं केलं जातं. त्याला बीटा म्हणतात. आत शिरताना हे खेळाडू पाहुण्यासारखे दबकत शिरतात. तासाभराने बाहेर येतात तेव्हा वास्तुदोषांची भली मोठी यादी त्यांच्या हातात असते.

माझा भाचा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. त्याला अशाच एका बीटात प्रवेश मिळाला, तेव्हापासून त्याच्या बोलण्यात एक प्रकारचा पोक्तपणा आला. “मामा, ती स्नायपर लय ओपी आहे. नर्फ केलीच पाहिजे,” असं तो म्हणायचा, तेव्हा नगरपालिकेच्या कारभाराबद्दल बोलणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांचा सूर त्याच्या गळ्यातून निघे. ओपी म्हणजे नको इतकी ताकदवान आणि नर्फ म्हणजे तिचे दात बोथट करणं, हे मी एव्हाना शिकलो होतो. तीच बंदूक त्याच्या हातात असली की तो ‘स्किल’बद्दल बोले; समोरच्या गच्चीवरून कोणी त्याच बंदुकीने त्याला टिपलं की मगच तिच्या रचनेतले दोष उघडे पडत. डाव संपला की पडद्यावर एक अर्ज यायचा. एका रात्री मी त्याच्या खांद्यावरून तो वाचत होतो. नकाशा फार मोठा आहे, पळून पळून जीव जातो, असं त्याने लिहिलं. मग थोडा विचार करून लिहिलं, ‘पाऊस पत्र्यावर पडतो आणि मातीत पडतो, दोन्हीचा आवाज सारखाच येतो. पत्र्याखाली बसल्यावर पत्रा वाजला पाहिजे.’ शेवटी पाचपैकी एक तारा दिला, अर्ज पाठवला, आणि त्याच बोटाने पुढचा डाव लावला. ताई आतून तिसऱ्यांदा जेवायला हाक मारत होती.

तोंडाने एक सांगायचं आणि हातांनी दुसरंच, ही खेळाडूंची रीत जुनी आहे. 1997 साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीने ‘अल्टिमा ऑनलाइन’ नावाचं एक अवाढव्य जग हजारो जणांना एकाच वेळी खेळता यावं म्हणून रचलं. रिचर्ड गॅरियट, रॅफ कोस्टर आणि त्यांच्या मंडळींनी त्यात एक देखणं निसर्गचक्र बेतलं होतं. कुरणात गवत, गवतावर चरणारे प्राणी, त्यांच्या मागावर लांडगे. भक्ष्य आटलं की भुकेलं जनावर वस्तीकडे वळेल, गाव घाबरेल, आणि वीरांना आपसूक काम मिळेल, अशी ती कविकल्पना. चाचणीसाठी दारं उघडली आणि वीरांचा लोंढा आत घुसला. त्यांनी ससे मारले, मेंढ्या मारल्या, लांडगे मारले. जे म्हणून हललं ते मारलं. नवे प्राणी जन्मण्याचा वेग त्यांच्या हाताच्या वेगाला पुरेना. या जगात निसर्गचक्र फिरतं आहे, हे कोणाच्या लक्षात येण्याआधीच ते थांबलं. अखेर ते काढून टाकावं लागलं. ते असल्याचाच कोणाला पत्ता नव्हता, त्यामुळे ते गेल्याचं दुःखही कोणाला झालं नसावं. लांडगा का आला असेल, असं विचारणारा एखादा वीर त्या गर्दीत असता, तर त्या मंडळींनी त्याला मिठी मारली असती.

त्याच चाचणीत, ऑगस्ट महिन्यात, खुद्द गॅरियट ‘लॉर्ड ब्रिटिश’ या आपल्या राजाच्या रूपात प्रजेच्या भेटीला आले. राजा अमर असायचा. पण मधे सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता आणि अमरत्वाची कळ लावायची राहून गेली होती. गर्दीतल्या एका खेळाडूने मंत्राची एक गुंडाळी चोरलेली होती. त्याने राजाभोवती आग पेटवली आणि राजा गतप्राण झाला. सापडलेल्या त्रुटी कळवण्याऐवजी आधीपासून त्यांचा फायदा उठवतो, या कारणावरून त्या खेळाडूला पुढे चाचणीतून काढण्यात आलं. मला मात्र वाटतं, अमरत्वाची कळ विसरता कामा नये, ही सूचना इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणाला पोहोचवता आली नसती.

तोंडी तक्रारीला उत्तर देणं त्याहून नाजूक काम. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ 2004 साली आला. लोकांनी तासन् तास एकाच बैठकीत खेळू नये, म्हणून त्याच्या चाचणीच्या काळात ब्लिझर्ड या कंपनीने एक युक्ती केली होती: फार वेळ खेळलात की तुमचं पात्र दमणार आणि त्याला मिळणारे अनुभवाचे गुण निम्म्यावर येणार. खेळाडू खवळले. आमच्या कष्टाचं निम्मं कापता म्हणजे काय! मग कंपनीने निम्म्यालाच पूर्ण म्हटलं आणि पूर्वीच्या पुऱ्याला दुप्पट. थकवा गेला, त्या जागी विश्रांती आली. तुमचं पात्र सराईत निजून ताजंतवानं झालं, म्हणून काही काळ दुप्पट बक्षीस. ते संपलं की नेहमीचं. हिशेब जवळपास तोच, पण लोक खूश झाले. दंडाची पावती फाडण्याऐवजी लवकर भरणाऱ्याला सूट जाहीर करणारे आपले वसुली अधिकारी हे तत्त्व फार आधीपासून जाणून आहेत. तरीही ती गोष्ट निव्वळ चलाखीची नाही. खेळाडू ‘आकडा चुकला’ असं म्हणत होते; त्यांना म्हणायचं होतं, ‘आम्ही मनापासून खेळतोय आणि तुम्ही आम्हाला रागावताय.’ हे दुसरं वाक्य अर्जात कुठे लिहिलेलं नसतं. ते ऐकू यायला कान वेगळे लागतात.

म्हणून काही जणांनी विचारण्यापेक्षा पाहत बसणं पसंत केलं. ‘हेलो 3’ 2007 साली आला, त्याआधी मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेत माणसं बोलावून त्यांना तो खेळायला दिला जाई, आणि कोण कुठे मेलं याचे रंगीत नकाशे तयार होत. जास्त मरणं जिथे, तिथे रंग अधिक भडक. लाल डाग कुठे साचलाय हे पाहून कुठली जागा जाचक ठरते ते समजे, मग रचनेत फेरफार. गरुडपुराण वगळता मरणाची इतकी बारकाईने नोंद कोणी ठेवली असेल असं वाटत नाही. पण तिथे पाहत बसणाऱ्या रचनाकारांचा विचार मनात आला की मला भरून येतं. वर्षानुवर्षं खपून एक दरी कोरायची, तिच्यात धुकं सोडायचं, आणि शेवटी कोणीतरी त्या दरीत सतराव्यांदा पडून ‘हे काय भिकार आहे’ म्हणताना काचेआडून मुकाट्याने लिहून घ्यायचं. परीक्षेला बसलेल्या मुलाच्या आईचा चेहरा त्या काचेआड असणार.

आता हे सगळं आपल्या अंगणातही आलं आहे. पुण्याच्या सुपरगेमिंगने 2022 साली ‘इंडस’ हा बॅटल रॉयल प्रकारचा खेळ जाहीर केला, आणि तो 2024 च्या ऑक्टोबरात सर्वांसाठी खुला झाला. मधल्या काळात बंद बीटा झाला, लोकांनी खेळून पाहिलं, मतं मांडली. शेवटचा उरेल तो जिंकेल, हा अशा खेळांचा सर्वमान्य कायदा. त्यात इंडसने ‘कॉस्मियम’ नावाची आणखी एक वाट ठेवली. डावाच्या शेवटाकडे ते प्रकट होतं आणि ते काबीज करणाराही जिंकतो. सगळ्यांना मारल्याशिवाय जिंकता येतं, ही कल्पनाच मला फार आवडली. अर्थात आपल्या देशात कोणत्याही नव्या नियमावर चार मतं तयार असतात आणि पाचवं चहा येईपर्यंत होतं. ती ऐकण्याची चैन आता इथल्याच रचनाकारांना लाभली आहे.

भाच्याचा तो बीटा यथावकाश संपला. बंदुकीचे दात थोडे बोथट झाले, तेव्हा तिला उगाच बिघडवली म्हणून तो हळहळला. मला त्याचं हसू येतं, पण त्या रात्रीचं पत्र्याबद्दलचं वाक्य काही मनातून जात नाही. अस्तित्वात नसलेल्या घराच्या पत्र्यावर पाऊस नीट वाजावा म्हणून ताट निववणारा मुलगा त्या खेळाचा टीकाकार कसला, तो तर तिथे राहायला गेला होता.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाला अशा बीटाचं बोलावणं आलं, तर एवढंच सांगणं: उपाय सुचवायची घाई करू नका, कुठे दुखलं ते सांगा, उपाय शोधायला तिकडे पगारी माणसं आहेत. तारे हवे तेवढे कमी द्या. पण पावसाबद्दल काही वाटलं, तर ते मात्र लिहायला विसरू नका.