धोरणनाना

धाराशिव जिल्ह्यात तालुके आठ. प्रत्येक तालुक्याला एक तहसील कार्यालय, एक बसस्थानक आणि किमान एक नाना आहेतच. पहिल्या दोन गोष्टींना शासनाची मंजुरी लागली. नाना स्वयंभू आहेत.

नाना निवृत्त मुख्याध्यापक असतील, सोसायटीचे माजी सचिव असतील, नाहीतर नुसतेच वीस एकरांचे मालक. त्याने फरक पडत नाही. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, चष्मा कपाळावर आणि मोबाईल हातभर लांब. टाईप करतं ते उजव्या हाताचं एकच बोट. बाकीची चार सल्लागार मंडळावर आहेत. पहाटे पाचला उठून ते चहाच्या आधी तालुक्याचा व्हॉट्सॲप ग्रुप बघतात. कालच्या वादात आपल्यानंतर कोणी बोललेलं नसलं, की वाद जिंकल्याची नोंद मनाशी करून दात घासायला जातात.

पूर्वी नानांचे विषय ठरलेले होते. ढोकीचा तेरणा कारखाना, कृष्णेचं पाणी मराठवाड्यात कधी पोचणार, आणि रस्त्यातले खड्डे. 2016 साली डेटा स्वस्त झाला आणि विषयांचं शिवार एकदम वाढलं. खड्ड्यांवर बोलायला आता तरुण पोरं आहेत. नाना बोलतात ते तंत्रज्ञान धोरणावर. डेटा संरक्षण, कृत्रिम बुद्धिमत्ता, समाजमाध्यमांचं नियमन, आणि शेवटी ‘ह्या मोठ्या कंपन्यांना वेसण घातली पाहिजे’ हा समारोप. 2018 साली फेसबुकच्या मालकाला अमेरिकेच्या सिनेटसमोर बसून उत्तरं द्यावी लागली. हे सांगताना नानांचा सूर असा असतो, की समन्स कळंबच्या कोर्टातून निघालं आणि बेलिफाला पत्ता त्यांनीच दाखवला.

तालुक्यागणिक नानांची शाखा बदलते. परंड्याचे नाना क्रिप्टोवर बोलतात. एकाही नाण्याला त्यांनी हात लावलेला नाही, पण नाण्यावर कर किती असावा हे पाठ आहे. उमरग्याच्या नानांचा मोबाईल शेताच्या टोकाला गेला की कर्नाटकाचं नेटवर्क पकडतो. सीमाप्रश्नाच्या पुढच्या सुनावणीत हा मुद्दा आलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. कळंबचे नाना मात्र सर्वशाखीय. म्हणून हे चित्र त्यांचं.

नानांचं सगळं धोरण दोन कलमांत बसतं. एक, दुसऱ्याच्या पोस्टवर सरकारने तातडीने नियंत्रण आणावं. दोन, आपल्या पोस्टला कोणी हात लावला तर घटनेचं कलम 19 आहे. दोन्ही कलमं एकाच दिवशी लागू होऊ शकतात. एकदा सकाळी अकराला नानांनी श्रेया सिंघल खटला समजावून सांगितला. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हाच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते नुसतं लाईक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्यातून वाद पेटला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ रद्द झालं. तारखा बरोबर, तपशील बरोबर, शेवटी ‘लोकशाहीचा विजय असो’. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. दुपारी तीनला एका पोराने नानांच्या आवडत्या नेत्याचं व्यंगचित्र टाकलं.

‘ॲडमिन, याच्यावर 66-अ लावा.’

‘नाना, ते रद्द झालंय. तुम्हीच सांगितलं की सकाळी.’

‘आरं, ते चांगल्या माणसांसाठी रद्द झालंय. नीट वाचत जावा.’

यात खरे हाल होतात ते ॲडमिनचे. ॲडमिन हा कृषी सेवा केंद्राचा मालक. खताबरोबर दुसरा माल गळ्यात मारतो, म्हणजे लिंकिंग करतो, या तक्रारीला तो भीत नाही, पण ग्रुपवर कोणी काही टाकलं तर पोलीस आपल्याला नेतील या धसक्याने त्याला झोप नाही. त्याला धीर द्यायला नाना दर महिन्याला एक निकाल पाठवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं होतं, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. सामायिक हेतू किंवा आधी ठरवलेली योजना दिसली पाहिजे. निकाल इंग्रजीत, पानं बरीच, आणि ॲडमिनने वाचला तो फक्त ‘आक्षेपार्ह’ हा शब्द. त्याने लगेच ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ हे बटण दाबलं. नाना त्या रात्री त्याच्या घरी गेले आणि ओट्यावर उभं राहून ही आणीबाणी असल्याचं जाहीर केलं. बटण निघालं. घटनात्मक लढा चहासकट वीस मिनिटांत संपला.

मेसेज पुढे ढकलण्याच्या मर्यादेवर नानांचा राग जुना आहे. जुलै 2018 पासून भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येतो. ‘सहावा माणूस काय अडाणी राहायचा का?’ हा नानांचा सवाल. ही मर्यादा का आली, हे मात्र नाना सहसा सांगत नाहीत. त्याच महिन्याच्या 1 तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याकडची. तसलीच एक क्लिप त्या उन्हाळ्यात नानांनीही ‘खात्री करून घ्यावी’ असं वर लिहून पुढे पाठवली होती. खात्री वाचणाऱ्याने करायची, पाठवणाऱ्याचं काम जागृतीचं, ही त्यांची वाटणी. राईनपाड्याची बातमी आली त्या दिवशी नानांचा सुप्रभात संदेशसुद्धा आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, आणि त्याखाली मागणी होती, की अफवांवर सरकारने कडक कायदा करावा.

खासगीपणा हा त्यांचा सगळ्यात लाडका हक्क. ऑगस्ट 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, तेव्हा नानांनी पेढे वाटले. कुंथलगिरीच्या खव्याचे, म्हणजे प्रसंग मोठाच. हेच नाना ऑनलाईन अर्ज भरायच्या सेवा केंद्रात कसे वागतात ते पाहण्यासारखं असतं. पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर निघतं, त्यात आधारच्या झेरॉक्स. एक लागली तर असू द्यावी म्हणून दहा. काउंटरवरच्या पोराच्या हातात नाना आपला मोबाईल अनलॉक करून देतात. ‘ओटीपी येईल, तूच बघ, मला चष्म्यातून दिसत न्हाई.’ पोरगा पासवर्ड तयार करतो आणि विसरू नये म्हणून फोल्डरच्या पाठीवर स्केचपेनने ठसठशीत लिहितो. मग अर्जात जिल्ह्याची यादी उघडते. नाना ‘ध’ शोधतात. नामांतराचा ठराव मंत्रिमंडळात होऊन, केंद्राची मंजुरी येऊन, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात टिकून 2024 उजाडून गेलं, पण या यादीत जिल्हा अजून उस्मानाबादच. नाना खवळतात. तिथल्या तिथे, रांग खोळंबवून, निषेधाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. फोटोत स्क्रीन आहे, जिल्ह्याचं जुनं नाव आहे, आणि शेजारी फोल्डर आहे पासवर्डासकट. ग्रुपचे सदस्य दोनशे छप्पन्न.

2023 चा डेटा संरक्षण कायदा नानांनी ओळीखाली रेघा मारून वाचला आहे. संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी आपल्याला हव्या त्या भाषेत मागायची तरतूद त्यात आहे, म्हणजे मराठीतही; हे त्यांच्याकडूनच ग्रुपला कळलं. पण त्यांच्या डोळ्यांत भरला तो दंडाचा आकडा: अडीचशे कोटींपर्यंत. आपला नंबर मोबाईल दुकानदाराने लग्न जुळवणाऱ्यांना विकला, असा नानांना संशय आहे. बासष्टाव्या वर्षी त्यांना स्थळं येतात. दावा लावायचा त्यांनी पक्का बेत केला होता. हिंजवडीला नोकरीत असलेल्या पुतण्याने सांगितलं, की काका, दंड झाला तरी तो सरकारी तिजोरीत जातो, तुम्हाला छदाम मिळत नाही. त्या दिवसापासून कायदा ‘चांगला आहे पण अपुरा आहे’.

या पुतण्याशी नानांचं जुनं वाकडं. त्याचं म्हणणं, नियमन फार झालं की नवीन कंपन्या मरतात. नाना विचारतात, ‘तुझी कंपनी कुठली?’ ‘अमेरिकेची.’ ‘मग मरू दे की.’ ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने मसुदा काढला, की कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या चित्रावर तसं स्पष्ट लिहावं. नानांनी जाहीर पाठिंबा दिला. पुतण्याने एवढंच विचारलं, की काका, तुमच्या प्रोफाईलवर नळदुर्गच्या किल्ल्यापुढे कोट घालून तुम्ही उभे आहात, डोक्यावर केस आहेत, त्याखाली काय लिहायचं? नानांनी उत्तर दिलं नाही. फोटोही काढला नाही.

इतकं सगळं असून तालुका नानांना खुळ्यात काढत नाही, त्याला कारण ऑक्टोबर 2020. परतीच्या पावसात सोयाबीन गेलं. काढून ठेवलेल्या गंजी वाहिल्या, उभ्या शेंगांना कोंब आले. पीक विम्याचा नियम होता, की नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत कळवायचं. त्याआधी कोणी तरी हा नियम वाचला असेल तर नानांनी, आणि त्यावर ग्रुपवर नेहमीसारखं लांबलचक लिहिलंही होतं. नेहमीसारखं कोणी वाचलं नव्हतं. शेतात गुडघाभर चिखल, लाईट गेलेली, मोबाईलमध्ये चार टक्के चार्जिंग, आणि कळवायचं ॲपवर. त्या चार दिवसांत नाना मोटारसायकलच्या बॅटरीवर फोन चार्ज करून वस्तीवस्तीवर फिरत होते आणि ज्यांना जमत नव्हतं त्यांचे फोटो चढवत होते. एकच बोट, पण थांबलं नाही.

तरीही जिल्ह्यात लाखो शेतकऱ्यांचं कळवणं राहून गेलं आणि विमा कंपनीने हात वर केले. प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं. मे 2022 मध्ये न्यायालयाने साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांना भरपाई द्यायला सांगितलं. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. हा निकाल आपल्या ग्रुपवरच्या मेसेजमुळे लागला, अशी नानांची समजूत आहे आणि ती काढायला कोणी जात नाही. एरवी ‘धोरण’ म्हटलं की ग्रुपवर हसणारे चेहरे येतात. पण 72 हा आकडा दिल्लीत कोणी तरी टाईप केला आणि त्याची किंमत वाशी-भूमच्या बांधावर मोजली गेली, हे आता सगळ्यांना कळलेलं आहे. नाना बडबडतात त्यातलं शंभरातलं एक असं घरावर येऊन आदळतं. कुठलं ते आधी सांगता येत नाही, म्हणून बाकीचे नव्व्याण्णव ऐकून घ्यावे लागतात.

आणि हे ऐकणं सोपं नाही, कारण नानांना एक ठाम शंका आहे: सरकार आपला ग्रुप वाचतं. संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असतो, असं पुतण्या 2016 पासून सांगतो. नाना 2021 चे नियम पुढे करतात, ज्यात संदेश पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून द्यायची अट आहे. त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल 2024 मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं, की कुलूप तोडायला लावलं तर आम्ही देश सोडू. त्या बातमीने नाना दोन दिवस हबकले होते. कंपनीला वेसण घालायलाच हवी होती, पण ती दावं तोडून गेली तर बोलायचं कुठं?

जानेवारी 2025 मध्ये डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा आला. सरकारने लोकांकडून हरकती मागवल्या, मुदत दिली, ती वाढवलीही. आयुष्यभर नानांनी ज्याची वाट पाहिली तो क्षण हाच. तीन रात्री जागून त्यांनी हरकती लिहिल्या. एकूण सतरा. खरं सांगायचं तर त्यातल्या चार-पाच चांगल्याच होत्या: अंगठ्याचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांचं काय, संमतीची सूचना वाचून दाखवायची सोय का नाही, सेवा केंद्रातल्या पोराने आपल्या वतीने ‘होय’ दाबलं तर ती संमती कोणाची. ग्रुपवर पहिल्यांदाच पुतण्याने अंगठा दाखवला.

नोव्हेंबरमध्ये अंतिम नियम निघाले. नानांनी शोध शोध शोधलं, आपली एकही हरकत दिसेना. भडकून ग्रुपवर लिहिलं, की या देशात सामान्य माणसाचं कोणी ऐकत नाही. ॲडमिनने भीत भीत विचारलं, ‘नाना, पण तुम्ही त्या सरकारच्या पोर्टलवर पाठवल्या होत्या ना?’

बराच वेळ ‘टाईप करत आहे’ असं दिसत राहिलं.

‘वेगळ्या कशाला पाठवायच्या? इथं टाकल्या होत्या की. सरकार वाचतंच.’